हिरव्या डबीची नोंद

नोकरीची तीस वर्षं मी माणसांना विजेचे बारीक झटके दिले आणि त्याचा पगार घेतला. सोलापुरातल्या एका खासगी फिजिओथेरपी कॉलेजात मी प्रयोगशाळेचा तंत्रज्ञ होतो. विद्यार्थी मला ‘मामा’ म्हणायचे. पांढरा कोट न घालणारा प्रत्येक पुरुष कॉलेजात मामाच असतो, मग तो घंटा वाजवणारा असो की लाखमोलाची यंत्रं सांभाळणारा. सुरुवातीला राग यायचा. पुढे पुढे माझ्या बायकोलाही फोनवर ‘मामा लॅबमध्ये आहेत’ असं ऐकायची सवय झाली.

आमचं काम काय, हे बाहेरच्या माणसाला सांगायला दोन-चार वाक्यं पुरतात. शरीरात मज्जातंतूंचं जाळं असतं. मेंदूचा निरोप त्यांच्यातून स्नायूपर्यंत जातो, आणि तो निरोप विजेचाच असतो. बाहेरून योग्य जागी, योग्य मापाची वीज दिली तर स्नायूला वाटतं, मेंदूनंच सांगितलं, आणि तो हलतो. मी लागलो तेव्हा हे बेडकाच्या पायावर दाखवायचे. धडापासून वेगळा केलेला पाय, त्याला दोरा, दोऱ्याला काडी आणि काडीसमोर काजळी धरलेल्या कागदाचा फिरता ढोल. झटका दिला की मेलेला पाय आखडायचा आणि काजळीवर पांढरी रेघ उमटायची. ती काजळी धरायचं काम माझं. कागद सगळीकडे सारखा काळा व्हायला हवा, कुठे जाड नाही, कुठे विरळ नाही. माझ्यासारखी काजळी पुण्यातही कुणी धरत नाही, असं परीक्षक म्हणायचे. पुढे बेडूक बंद झाले, ढोल अडगळीत गेला, संगणक आले. पण हात तोच राहिला. कातडी स्पिरिटनं पुसायची, जेल लावायचं, चकती चिकटवायची, तार जोडायची, आणि समोरच्याला विचारायचं, “मुंग्या येतात का?”

या प्रश्नाची लोक काय काय उत्तरं देतात! एका कापडाच्या व्यापाऱ्यांनी चकती लावण्याआधी यंत्राला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडायला निघाले, तेव्हा मी हात जोडले, कारण पाणी सॉकेटवर उडालं असतं. एक वकीलसाहेब होते. मी तार जोडायच्या आधीच ते म्हणाले, “हो, येतात मुंग्या. चांगल्या येतात.” मी तार हातात धरून दाखवली. ते हसले नाहीत. म्हणाले, “तुमच्या खोलीतच करंट आहे.”

त्या वकिलांवर मी बरीच वर्षं हसलो. मग कस्तुरीताईंची गोष्ट घडली. ती लिहावी की नाही याचा मी वर्षभर विचार केला.

निवृत्तीला अडीच वर्षं उरली होती. आमच्या विभागप्रमुख मॅडमनी एक संशोधन घेतलं. मेंदूतून निघून मानेतून छातीत, पोटात जाणारा एक लांबलचक मज्जातंतू आहे. हृदयाला ‘जरा सावकाश’ असं सांगणारा तोच. त्याची एक बारीकशी फांदी कानाच्या वाटीत येते. तिथे चिमटा लावून हलकी वीज दिली तर हृदय, श्वास सगळं शांत होतं, आणि हौसेनं पळणाऱ्या, सायकल चालवणाऱ्या माणसाचा दम वाढतो, असा एका कंपनीचा दावा होता. कंपनीनं तळहातावर मावतील अशा डब्या दिल्या. हौशी खेळाडूंवर तपासून बघायचं ठरलं. खरे पैलवान, खरे धावपटू नकोत. पोट सुटलंय म्हणून सकाळी तळ्याभोवती पळणारे, शुगर निघाली म्हणून चालता चालता धावायला लागलेले, असे.

अशा तपासणीत एक गोष्ट पाळावी लागते. माणसाला नुसतं वाटलं की आपल्याला औषध मिळालंय, तरी तो थोडा सुधारतो. म्हणून अर्ध्यांना खरं द्यायचं, अर्ध्यांना खोटं, आणि कुणाला काय मिळालं हे घेणाऱ्यालाही माहीत नको, लावणाऱ्यालाही नको. डब्या दोन रंगांच्या होत्या, पिवळ्या आणि हिरव्या. लावताना डबी खुर्चीमागे असायची, घेणाऱ्याला रंग दिसायचा नाही. एक खरी, एक खोटी. कुठली कुठली, ते एका बंद पाकिटात. शेवटी पाकीट उघडायचं आणि भाग घेणाऱ्यांना खरं सांगायचं, असा नियम. नियम चांगला आहे, अजूनही माझं तेच मत आहे.

पण मी यंत्राचा माणूस. तिसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर मी दोन्ही डब्या आमच्या जुन्या यंत्राला जोडल्या. त्याच्या पडद्यावर विजेची लाट दिसते. पिवळीची लाट येत राहिली. हिरवीची अर्धा मिनिट आली आणि सपाट झाली. दिवा मात्र चालूच. म्हणजे सुरुवातीला मुंग्या येणार, माणसाला खात्री पटणार आणि मग उरलेला अर्धा तास तो मेलेली डबी कानाला लावून बसणार. मला हे कळायला नको होतं. कळलं याचा, खरं सांगतो, अभिमान वाटला. मी कुणाला बोललो नाही.

कस्तुरीताई हिरव्या डबीच्या गटात होत्या.

त्या त्रेचाळीस वर्षांच्या. माहेर कानडी सीमेवरच्या मैंदर्गीचं, नवरा सोलापुरात एका गोदामावर मुकादम. घरी कडक भाकरीचा धंदा. दोन बायका हाताखाली, आणि माल पुण्यापर्यंत जायचा. शुगर वाढली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालता चालता त्या पळायला लागल्या आणि विजापूर रोडच्या तळ्याभोवती पळणाऱ्या बायकांच्या गटात गेल्या. तपासणीच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा साडीखाली ट्रॅक पँट होती.

“सर, शॉक लागून काय व्हनार न्हाय ना?” त्यांनी विचारलं. मामा म्हणाल्या नाहीत, सर म्हणाल्या. मला ते लागलं, चांगल्या अर्थानं.

“काही होत नाही. मुंग्या आल्यासारखं वाटेल.”

मी डाव्या कानाची वाटी स्पिरिटनं पुसली, चिमटा लावला, बटण दाबलं.

“व्हय व्हय, येतात की!” त्या हसल्या. अर्ध्या मिनिटानं म्हणाल्या, “आता न्हाय येत.”

अशा वेळी काय सांगायचं ते आम्हाला लिहूनच दिलं होतं. मी सांगितलं, “कानाला सवय झाली की जाणवत नाही. काम चालूच असतं.”

ते वाक्य मी सगळ्यांनाच म्हणायचो. फरक इतकाच, की ते खोटं आहे हे मला माहीत होतं, आणि लिहून देणाऱ्यांची अशी कल्पना होती की मला माहीत नाही.

पहिल्या दिवशी जागेवरच्या सायकलवर त्यांची परीक्षा झाली. दर मिनिटाला पायडल जड होत जातं. जिथे पाय थांबतील तिथे थांबायचं. त्या कानडीत मोजायच्या, ओंदु, एरडु, मूरु... शंभर झाले की पुन्हा ओंदु. अकराव्या मिनिटाला पाय थांबले. उतरल्यावर म्हणाल्या, “एवढंच व्हय माझं?”

आठवड्यातून तीनदा, सहा आठवडे, त्या आल्या. एकदाही चुकल्या नाहीत. पहाटे तळं, मग चूल, मग दुपारी आमच्याकडे. चौथ्या आठवड्यात म्हणाल्या, “सर, चढाला आता दम लागत न्हाय. ह्या मशीननं काळीज मोठं केलं बगा.” त्यांना मिरच्या कांडताना, भाकऱ्यांची चवड उचलतानाही फरक वाटत होता. नवऱ्याला सांगून त्यांनी रात्रीचं जेवण लवकर घ्यायला सुरुवात केली, झोप वाढवली, पळण्याचे दिवस वाढवले. हे सगळं का, तर मशीन वाया जाऊ नये म्हणून! सहाव्या आठवड्यात त्या सायकलवर साडेअठरा मिनिटं टिकल्या. उतरल्यावर त्यांनी यंत्राला नाही, मला नमस्कार केला.

तेव्हाच मला वाईट वाटायला हवं होतं. मला आनंद झाला. वाटलं, पाकीट उघडलं की ही बाई किती खूश होईल! ताई, डबी मेलेली होती, ही सगळी तुमचीच ताकद, असं सांगायचं मी मनात ठरवूनही ठेवलं होतं.

पाकीट उघडलं. दोन दिवसांनी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्या वाईट बाई नाहीत. विद्यार्थ्यांसाठी स्वतःच्या खिशातून पुस्तकं घ्यायच्या. पण त्यांची बढती एका शोधनिबंधावर अडकली होती, आणि निकाल चांगला आला तर कंपनी नवी प्रयोगशाळा देणार होती. टेबलावर माझी नोंदवही उघडी होती.

“मामा, बसा. पिवळ्याचा फायदा दिसतोय, पण हिरव्यातही दिसतोय. फरक राहत नाही. आणि हिरव्यातला बराचसा चार जणांमुळे आहे. सगळ्यात जास्त त्या भाकरीवाल्या बाईंमुळे.”

“हो. त्यांचा दम फार वाढला.”

“त्यांना हिरवीच लावली होती ना?”

“नोंद आहे तशी.”

“नोंद आहे. पण त्या आठवड्यांत गर्दी होती. घाईत डबी बदलली जाऊ शकते.”

“माझी चूक होत नाही मॅडम.”

त्यांनी नोंदवही मिटली. मग म्हणाल्या, “निबंधात तुमचं नाव टाकायचं ठरवलंय. नुसतं आभारात नाही. लेखकांच्या यादीत, शेवटचं, पण यादीत. तीस वर्षांत या कॉलेजात कुठल्याही तंत्रज्ञाचं आलं नाही.”

घर चालत नव्हतं, मुलीचं लग्न होतं, मॅडमनी नोकरीची धमकी दिली, असं काही मला इथे लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. त्यातलं काहीच नव्हतं. माझं नाव छापून येणार होतं. मी चौघांच्या नोंदींवर दुरुस्तीपत्र लिहिलं : अनवधानानं हिरव्याऐवजी पिवळी डबी वापरली गेली. खाली सही केली. माझी सही सुंदर आहे, सगळे म्हणतात.

भाग घेणाऱ्यांना खरं सांगण्याचा नियम होता. तो असा पाळला गेला, की कस्तुरीताईंना पत्र गेलं : आपणास प्रत्यक्ष विद्युत उपचार देण्यात आला होता.

थंडीत शहरात हौशी लोकांची मोठी दौड होती. कंपनीनं मैदानावर मंडप टाकला आणि कस्तुरीताईंना मंचावर उभं केलं. मी खाली टेबलावर लोकांच्या कानांना चिमटे लावत होतो. त्या माइकजवळ गेल्या, आधी घाबरल्या, मग बोलायला लागल्या.

“माझं लगीन झालं तवापासनं मी कदी पळाले न्हवते. एकदाच पळाले, बस चुकत होती म्हणून.” लोक हसले. “आता मी एकवीस किलोमीटर पळनार हाय. ही मशीन कानाला लावली आन् माझ्यात बळ आलं. मला कुनी पैसं दिलं न्हाय बोलायला. मी माझ्या अनुभवाचं सांगते.”

खरंच त्यांना कुणी काही दिलेलं नव्हतं. त्या एकवीस किलोमीटर पळाल्या. शेवटच्या वळणावर मी उभा होतो. घामानं चेहरा चकाकत होता, ओठ हलत होते, ओंदु एरडु चालू असावं. त्यांच्या गटातल्या सात-आठ जणींनी त्याच दिवशी डब्या घेतल्या.

त्यांतल्या एक विजयाबाई. शाळेत शिक्षिका, वय बावन्न, ब्लडप्रेशरची गोळी चालू. मंडपातल्या विक्रेत्यानं सांगितलं होतं, हृदय शांत होतं, प्रेशर खाली येतं. विजयाबाईंनी तीन आठवडे डबी लावली आणि डॉक्टरांना न विचारता गोळी बंद केली. एका सकाळी तळ्याच्या कठड्याजवळ त्या कोसळल्या. दवाखान्यात पाच दिवस होत्या. वाचल्या. पण उजव्या हाताची बोटं पूर्वीसारखी राहिली नाहीत. फळ्यावर लिहिताना खडू निसटतो.

विजयाबाई दवाखान्यातून घरी आल्यावर कस्तुरीताई लॅबमध्ये आल्या. दुपारची वेळ, विद्यार्थी जेवायला गेलेले. पदराखालून त्यांनी विजयाबाईंची डबी काढली.

“सर, हिच्यात करंट येतोय का बगा. खराब लागली असंल तिला.”

मी डबी जोडली. पडद्यावर लाट व्यवस्थित चालू होती. “चांगली आहे,” मी म्हणालो.

“मग असं कसं झालं? मला लागू पडली, तिला का न्हाय? मी सांगितलं म्हणून घेतली तिनं. तिची सासू मला दारातनं परत पाटवते.” त्या स्टुलावर बसल्या. “माजं काय येगळं हाय, सर? तुमी तर मला बगितलंय रोज. मला का लागू पडली?”

मी सांगितलं. हिरवी डबी म्हणजे काय, अर्ध्या मिनिटानंतर काय होतं, सगळं. पडद्याकडे बघत सांगितलं. शेवटी जे वाक्य मी कधीचं ठरवून ठेवलं होतं तेही म्हणालो, “ताई, तुम्हाला काहीच दिलेलं नव्हतं. ते सगळं बळ तुमचंच होतं.”

मला वाटलं होतं, त्या हसतील. निदान रडतील. त्यांनी डबीच्या दिव्यावर बोट ठेवलं.

“म्हंजे मंचावर मी खोटं बोलले.”

“तुम्हाला माहीत नव्हतं.”

“तुमाला ठावं होतं?”

“हो.”

“कवापासनं?”

“तपासणीच्या तिसऱ्या दिवसापासून. तुम्ही यायच्या आधीपासून.”

“तुमी दर येळेला माज्या कानाला हात लावून इचारायचा, मुंग्या येतात का. सहा आठवडं. आन् मी येड्यासारकी, व्हय सर, येतात सर...” त्यांनी डाव्या कानावर पदर ओढला, थंडी वाजल्यासारखा. डबी उचलली आणि गेल्या.

घरी आलेलं पत्र चुकीचं होतं, एवढंच मी म्हणालो होतो; दुरुस्तीपत्राचं सांगितलं नव्हतं. तेवढं मात्र मी सोयीनं विसरलो.

दुसऱ्या दिवसापासून त्या तळ्यावर एकेकीला गाठून सांगायला लागल्या की मला दिलेली मशीन बंद होती, तुमच्या डब्या परत करा. डब्या परत जायला लागल्या. कंपनीच्या माणसाचा कॉलेजला फोन आला. आठवडाभरात कस्तुरीताईंना मॅडमच्या केबिनमध्ये बोलावलं गेलं, आणि मलाही. कंपनीचा माणूस कोपऱ्यात बसला होता. मी दाराशी उभा राहिलो. मला खुर्ची कुणी दिली नाही, आणि मी मागितलीही नाही.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, “बाई, तुमची डबी बंद होती असं तुम्हाला कुणी सांगितलं?”

कस्तुरीताईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“कुनी न्हाय. माझं मलाच कळलं.”

“असं कसं कळेल? तुम्ही खेळाडू आहात, तंत्रज्ञ नाही. हे बघा.” मॅडमनी फाइल त्यांच्यापुढे सरकवली. “तुम्हाला पिवळी, म्हणजे खरी डबी लावली होती. इथे लिहिलंय. ही सही.”

कस्तुरीताईंना मराठी वाचायला वेळ लागतो. शाळा कानडीत झालेली. त्यांनी बोट फिरवत सगळं वाचलं. सहीपाशी बोट थांबलं. मग त्या माझ्याकडे वळल्या.

“सर, ही सही तुमची हाय?”

“हो.”

“मग खरं काय?”

खोलीत पंखा चालू होता. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. कंपनीचा माणूस मोबाइल बघत होता. एक शब्द बोलायचा होता.

“नोंदीत आहे ते,” मी म्हणालो.

कस्तुरीताईंनी फाइल मिटली आणि मॅडमच्या बाजूला सरळ करून ठेवली. “चुकलं माझं,” त्या म्हणाल्या. त्यांनी माझं नाव अजूनही घेतलं नव्हतं. दाराशी माझ्या बाजूनं जाताना त्या थोड्या अंग चोरून गेल्या, गर्दीत अनोळखी माणसाजवळून बाई जाते तशा.

बाकीचं थोडक्यात. तळ्यावरच्या बायकांचा त्यांच्यावरचा विश्वास उडाला. आधी म्हणाली लागू पडली, मग म्हणाली बंद होती, आता कॉलेजच म्हणतंय की चालू होती. हिचं खरं तरी काय? गटाच्या मोबाइलवरच्या यादीतून त्यांचं नाव काढलं. विजयाबाईंच्या घरच्यांनी तर बोलणंच टाकलं. निबंध परदेशी नियतकालिकात छापून आला. माझं नाव होतं, यादीत शेवटचं. आडनावाचं स्पेलिंग चुकलं होतं. ते नाव कुठल्या तरी तिसऱ्याच माणसाचं वाटतं. मॅडमची बढती झाली. माझा निरोपसमारंभ झाला, शाल मिळाली, आणि ‘मामांच्या नोंदीत कधी खाडाखोड दिसली नाही’ असं मॅडम भाषणात म्हणाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी हे वाक्य मुद्दाम म्हटलं की सहज, ते मला अजून कळलेलं नाही.

निवृत्तीनंतर तीन महिन्यांनी मी त्या नियतकालिकाला पत्र लिहिलं. पुतण्यानं इंग्रजी नीट करून दिलं. चार नोंदी खोट्या आहेत, त्या मीच खोट्या केल्या, असं स्पष्ट लिहिलं. त्यांचं उत्तर सभ्य होतं. त्यांनी कॉलेजला विचारलं होतं आणि कॉलेजनं कळवलं होतं की संबंधित कर्मचारी निवृत्त आहेत, त्यांच्या मनात नाराजी असू शकते. आता भाग घेणाऱ्यांपैकी कुणाचा लेखी दुजोरा मिळाला तर पुढे बघू.

बाकीचे तिघे कुठे गेले ठाऊक नव्हतं. मी कस्तुरीताईंच्या घरी गेलो.

त्या दारातच होत्या, वाळलेल्या भाकऱ्या पिशव्यांत भरत. मला ओळखायला वेळ लागला नाही. ‘या’ म्हणाल्या नाहीत, ‘जा’ही म्हणाल्या नाहीत. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं आणि कागद पुढे केला. “इथे सही केलीत तर निबंध मागे घेतील. तुमच्यावरचा खोटेपणाचा डाग जाईल.”

त्यांनी कागद घेतला नाही.

“त्या दिवशी मॅडमच्या म्होरं येक शबूद बोलला असता तर डाग लागलाच नसता की.”

“हो.”

“तवा तुमची नोकरी होती. आता न्हाय. आता खरं बोलायला तुमचं काय जातंय?”

मी कागद खाली घेतला.

“मला लॅबात सांगितलं तवा वाटलं होतं, ह्या मानसाला माजी काळजी हाय. मग कळलं, तुमाला तुमचं वज्जं उतरवायचं हुतं. माज्या डोक्यावर ठिवलं आन् मोकळं झालाव. आता ह्यो कागद बी तसलाच. न्हाय करनार मी सही. माजं नाव आता कुटल्या कागदावर नगं.”

रागानं नाही बोलल्या. भाव सांगावा तशा बोलल्या, आणि पुन्हा पिशवी भरायला लागल्या.

निघायला हवं होतं. पण इतक्या वर्षांची सवय. कुणाची परीक्षा घेतली की त्याचं पुढे काय झालं हे विचारल्याशिवाय राहवत नाही. मी विचारलं, “पळायला जाता का अजून?”

“जाते की. तळ्यावर न्हाय, तितं त्या बाया असतात. होटगी रोडला जाते, येकटी.” त्यांचे हात थांबले. “पर आता व्हत न्हाय. दोन-तीन किलोमीटर बरं असतं. मग ह्या कानाकडं ध्यान जातं. हितं कायतरी लावलेलं होतं, ते न्हाय, असं वाटतं. मग दम लागतो आन् पाय थांबत्यात.”

“पण ताई, त्यात काहीच नव्हतं. तेव्हाही तुम्हीच पळत होता.”

“ते मला ठावं हाय, सर,” त्या म्हणाल्या. “पायाला कुटं ठावं हाय?”